शाळेची सहल, आठवी ते दहावी: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गेली १९ वर्षं सहलीची जबाबदारी माझ्याकडे आहे. दिवाळीची सुट्टी संपली की पालकांचे प्रश्न सुरू होतात. आजूबाजूच्या शाळांतले नवे शिक्षकही फोन करून विचारतात, "बाई, तुम्ही कसं करता?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. काही ठिकाणी माझी मतं ठाम आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

सहलीला पाठवलं नाही तर मुलाचं काही नुकसान होतं का?

मार्कांचं होत नाही. सहल सक्तीची नसते, कुणी आलं नाही म्हणून त्याची हजेरी कापली जात नाही की कुणी त्याला बोलत नाही. पण शिकण्याचं नुकसान होतं, हे मी स्पष्टच सांगते.

आमच्या तालुक्यात वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) हा शब्द आमची मुलं सातवी-आठवीपासून पाठ करतात, आपण त्याच प्रदेशात राहतो हेही त्यांना माहीत असतं. पण सावली कशाची, ते कधी बघितलेलं नसतं. रायगडला जाताना मी गाडी मुद्दाम ताम्हिणी घाटाने नेते. मुळशी मागे पडलं की डोंगर हिरवे व्हायला लागतात, झाडांच्या खोडांवर शेवाळ दिसतं, आणि घाट उतरून माणगावच्या बाजूला लागलो की माती लाल. ताम्हिणीत वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या जवळजवळ दहापट. आणि हे अंतर एका दिवसाच्या प्रवासाचं. एका वर्षी नववीतला एक मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. तो एकदम म्हणाला, "बाई, ह्या नद्या उलट्या चालल्यात." उलट्या म्हणजे पश्चिमेकडे. त्याने जन्मात फक्त पूर्वेला जाणारं पाणी बघितलं होतं. जलविभाजकाचा, म्हणजे नद्यांचं पाणी दोन दिशांना वाटणाऱ्या डोंगररांगेचा, धडा मला त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' आहे. वर्गात बसून क्षेत्रभेट शिकवणं मला अजूनही जमलेलं नाही.

शेजारच्या शाळेची सहल तीन दिवसांत नऊ ठिकाणं करते. तुमची दोन दिवसांत दोनच. असं का?

कारण आम्हीही पूर्वी नऊ करत होतो.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षाची गोष्ट. कोल्हापूर, पन्हाळा, ज्योतिबा, रत्नागिरी, गणपतीपुळे असं करत करत यादी लांबत गेली होती. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. "चला, चला, गाडीत बसा" एवढंच मी तीन दिवस बोलत होते. परत आल्यावर मुलांना लिहायला सांगितलं. एकाने पन्हाळा रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन ठेवला होता. जवळजवळ सगळ्यांनी गाडीतल्या भेंड्यांवर लिहिलं. सगळ्यात सुंदर दीड पान एका मुलीचं होतं, आणि ते होतं गाडीचं चाक पंक्चर झालं त्या दोन तासांवर. तिथे बांधावर एक आजोबा होते, त्यांनी मुलांना ऊस मोडून दिला, विहीर दाखवली, विहिरीतला सुगरणीचा खोपा दाखवला. आम्ही नकाशावर न ठरवलेली ती एकमेव जागा होती जिथे मुलं थांबली होती.

ते पान मी अजून जपून ठेवलं आहे. त्या वर्षानंतर आमची सहल दोन दिवसांची, आणि दोन ठिकाणांची.

मग रायगडावर एवढा वेळ करता काय?

पाच तासही पुरत नाहीत.

चालता येईल त्यांना पायऱ्यांनी नेतो. पायथ्याच्या पाचाडला आधी जिजाऊंच्या समाधीपाशी थांबतो. वर गेल्यावर दरबारात एक प्रयोग ठरलेला असतो. निम्मी मुलं नगारखान्याच्या दारात, निम्मी सिंहासनाच्या जागेजवळ. नगारखान्यातल्या एका मुलीने वहीचं पान टर्रकन फाडायचं, समोरच्यांनी ऐकू आलं की हात वर करायचा. मग हळू बोलायचं. मग नुसतं कुजबुजायचं. वाऱ्याचा आणि गर्दीचा जोर नसेल तर आवाज स्वच्छ पोचतो. त्यानंतर अंतर पावलांनी मोजायचं, ते दोनशे फुटांच्या आसपास येतं, म्हणजे साधारण ६० मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर किती वेळ लागला? गणिताच्या सरांनी हे उदाहरण नंतर फळ्यावर घातलं तेव्हा एकाही मुलाने 'हे कशाला शिकायचं' विचारलं नाही. ६ जून १६७४ ला भर दरबारात माणसं मावत नव्हती, तरी महाराजांचा शब्द दारापर्यंत कसा जात असेल, हा प्रश्न मुलांनीच काढला.

दुसरं काम म्हणजे शोधाशोध. जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' अशी अक्षरं आणि हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. ज्याने गड बांधला त्याने आपलं नाव पायरीवर का कोरावं, हे मी सांगत नाही. मुलं त्या दगडाशी गुडघे टेकून बसतात, बोट फिरवत अक्षरं लावतात. एकदा एक मुलगी अक्षरं वाचून उठली, आणि मंदिरात जाताना त्या पायरीवर पाय न देता उडी मारून आत गेली. मग सगळी रांग उडी मारत गेली. मंदिराच्या भिंतीवर संस्कृत शिलालेखही आहे. त्यात गडावरच्या विहिरी, आड, तळी, वाडे यांचा उल्लेख येतो. आमच्या संस्कृतच्या बाई तो वाचून दाखवतात आणि मुलं तळी शोधायला सुटतात.

टकमक टोकाला मात्र एका वेळी दहाच मुलं, कठड्याच्या आत आणि दोन शिक्षक दोन्ही बाजूंना. यात कधीही सूट नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. रायगड त्यात आहेच, पण आपल्या भागातल्या शाळांना शिवनेरी फार जवळ पडतो. पहिल्यांदा सहल काढणाऱ्या शाळेने तिथून सुरुवात करावी.

सहल म्हणजे लांबच गेलं पाहिजे का? गावाजवळ काय बघण्यासारखं आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्यासोबत होते. आज जिल्ह्यात जाल तिथे चिमणी दिसते. ट्रॅक्टरच्या मागे धावत ऊस ओढून खाल्ला नाही असं आमच्या शाळेत एकही मूल सापडणार नाही. तरी कारखान्याच्या आत गेलेली मुलं वर्गात दोन-तीनच निघतात. सहलींचे दिवस आणि गळीत हंगाम नेमके एकत्र येतात. त्यामुळे दरवर्षी नववीला आम्ही अर्ध्या दिवसाची कारखान्याची भेट ठेवतो. आधी कारखान्याला पत्र द्यायचं, गट पंचवीस-तीस मुलांचेच करायचे, पायात बूट, मुलींच्या वेण्या आणि ओढण्या बांधलेल्या, आणि आत शिरल्यावर कशालाही हात लावायचा नाही.

सुरुवात वजनकाट्यापासून. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, वजाबाकी म्हणजे ऊस. मुलं चिठ्ठीवरचा आकडा वहीत उतरवतात. मग गव्हाण, म्हणजे ऊस टाकायची जागा. मोळ्या धाडकन पडतात, पट्ट्यावरून वर चढतात, त्यांचे तुकडे होतात, आणि मिलच्या रोलरांतून रस एकीकडे आणि चिपाडं दुसरीकडे. पुढे रसात चुना टाकतात, गंधकाचा धूर सोडतात, मळ खाली बसतो. रसाचं पाणी आटवून घट्ट पाक, पाकात दाणे धरतात, आणि शेवटी गरगर फिरणाऱ्या यंत्रात साखर आतल्या जाळीला चिकटते, मळी बाहेर फेकली जाते. केंद्रापसारी बल असं फळ्यावर लिहिलं तर दोघं-तिघं लक्ष देतात. तिथे सगळा वर्ग काचेला चिकटलेला असतो.

तिथले रसायनशास्त्रज्ञ सांगतात की १०० किलो उसातून साधारण १० ते ११ किलो साखर निघते, त्याला उतारा म्हणतात. एकदा एका मुलाने विचारलं, "मग उरलेले ८९ किलो कुठे जातात?" त्यावर आमचा पुढचा तास गेला, कारखान्याच्या पायरीवर बसून. चिपाड २८ ते ३० किलो, तेच जाळून बॉयलर चालतो आणि वीज तयार होते. मळी चार-साडेचार किलो. गाळ तीन-चार किलो, तो शेतात खत म्हणून जातो. बाकी बहुतेक पाणी. त्या मुलाने हिशोब मांडून खाली लिहिलं होतं: आपण ऊस म्हणून पाणीच वाहून आणतो.

दुसरा भाग कारखान्याच्या फाटकाबाहेरचा. तो टाळावा असं काही पालकांना वाटतं, मला तसं वाटत नाही. तिथे ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. बीडकडची माणसं, आपल्याच पाथर्डी-शेवगावकडचीही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, पहाटेच्या थंडीत फडात जाणं, हे सगळं मुलं त्यांच्याच तोंडून ऐकतात. आम्ही आधी विचारून जातो, फोटो काढत नाही, खाऊ वाटत नाही. बसतो आणि बोलतो. एका वर्षी आमच्या एका मुलीने तिच्याच वयाच्या मुलीला विचारलं, "तू कितवीत आहेस?" ती कडेवरच्या भावाला सावरत म्हणाली, "आठवीत नाव आहे."

नाव आहे. आमच्या मुली परतीच्या वाटेवर गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी चौघीजणी माझ्याकडे आल्या, तिला आपल्या शाळेत बसता येईल का विचारायला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, त्यावर तिला हंगामापुरतं आमच्या वर्गात बसवता आलं. ती सात आठवडे आली.

त्याच वर्षी जानेवारीत आम्ही हिवरे बाजारला गेलो. तिथे दर पावसाळ्यानंतर गावातल्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसालाही बंदी. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हे पटत नव्हतं. त्यांनी गावकऱ्यांशी चांगला तासभर वाद घातला. शिकणं म्हणजे काय असतं ते मला त्या झाडाखाली दिसलं.

कांद्याचा लिलाव, पोस्ट ऑफिस, रोपवाटिका, गुऱ्हाळ, कुंभारवाडा, तालुक्याचं न्यायालय, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांसाठी सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्यासाठी. ते दिवस शाळेत रांगोळी काढण्यात घालवू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.

खर्च परवडत नाही. काय करावं?

मला येऊन सांगावं. चिठ्ठी पाठवली तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा सलग दोन सहलींना आला नाही. पहिल्यांदा म्हणाला पोटात दुखतंय, दुसऱ्यांदा म्हणाला गाडी लागते. हाच मुलगा रोज अकरा किलोमीटर एसटीने उभं राहून शाळेत यायचा. मला ते कळायला दोन वर्षं लागली, आणि त्याची मला अजून टोचणी आहे. तेव्हापासून आम्ही पैसे वर्गात गोळा करत नाही, नावांची यादी फळ्यावर लावत नाही. पालक कार्यालयात किंवा थेट माझ्याकडे देतात, जून महिन्यापासून थोडे थोडे दिले तरी चालतात. कमी पडतात ते माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून भरतो. कुणाचे भरले ते मला आणि मुख्याध्यापकांना सोडून कुणालाही माहीत नसतं.

शिक्षकांसाठी एक सूचना: सहलीचं ठिकाण ठरवताना वर्गातल्या सगळ्यात गरीब घराचा खर्च डोळ्यापुढे ठेवा. निम्मा वर्ग मागे राहत असेल तर ते ठिकाणच चुकलं आहे.

एसटीनेच का? खासगी बस आरामाची असते.

शाळेच्या सहलीसाठी एसटी महामंडळ भाड्यात ५० टक्के सवलत देतं, हे पहिलं कारण. आगारात अर्ज लवकर द्यावा लागतो, डिसेंबर-जानेवारीत गाड्यांसाठी झुंबड असते. दुसरं कारण म्हणजे एसटीच्या चालकाला घाटाची सवय असते. पुढे टीव्ही नसतो, त्यामुळे मुलं बाहेर बघतात. आणि आमचा नियम आहे की रात्री प्रवास नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी, आणि चालकदादांच्या जेवणाची-झोपेची सोय मुलांच्या आधी.

समुद्रावर का नेत नाही? मुलांना एवढं वाटतं.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मी त्या वेळी याच कामात होते. ती बातमी ऐकल्यावर पुढचे कित्येक दिवस मी रात्री मुलांची डोकी मोजत उठायचे.

समुद्र दाखवायचा असेल तर किनाऱ्यावरून, गट करून, आणि पाण्यात घोट्यापर्यंतही नाही. धरण, नदी, तलाव, धबधबा, सगळीकडे तेच. 'पोहता येतं' म्हणणाऱ्या मुलांवर आम्ही जास्त लक्ष ठेवतो. विहिरीत पोहणारं पोर समुद्राच्या ओढीपुढे टिकेलच असं नाही.

कोणती परवानगी लागते? कागद कोणते?

शिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी, त्यासाठी मार्ग, तारखा, मुक्काम, मुलांची आणि शिक्षकांची यादी. प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र. मुलाचा रक्तगट, आजार, चालू औषधं, दोन फोन नंबर. आम्ही दहा मुलांमागे एक शिक्षक नेमतो. मुली असतील तर शिक्षिका हव्यातच, एकटी शिक्षिका पुरत नाही. संमतीपत्रावर पालकांनी आजार लपवू नये. दमा आहे, फिट येते, हे लिहिलं म्हणून आम्ही मुलाला गाळत नाही, पंप कुणाच्या पिशवीत आहे एवढं आम्हाला माहीत असावं लागतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रामागे लिहिलेले असतात.

घाटात गाडी लागते.

निघण्यापूर्वी पोट भरून खाऊ नका, उपाशीही नको. पुढच्या अर्ध्या भागात, चाकावरची जागा सोडून बसवतो. खिडकी उघडी, नजर लांबवर, मान खाली घालून काही वाचायचं नाही. आवळासुपारी, लिंबू जवळ ठेवा. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून घरूनच द्या. पिशव्या आणि पाणी आमच्याकडे असतं. उलटी झालेल्या मुलाला कुणी हसलं तर पुढचा सगळा घाट तो हसणारा मुलगा माझ्याशेजारी बसतो.

मुलीला रात्री बाहेर ठेवायला धास्ती वाटते.

वाटणारच. म्हणून मुक्कामाची जागा मी आधी स्वतः जाऊन बघते. बहुतेक वेळा एखादी शाळा किंवा देवस्थानाचं भक्तनिवास असतं. मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे का, संडास किती अंतरावर आहे, तिथे दिवा आहे का, हे तिन्ही बघितल्याशिवाय ठरवत नाही. रात्री शिक्षिका मुलींच्याच खोलीत झोपतात. ज्यांना बघायचं आहे त्या आईने माझ्याबरोबर जागा बघायला यावं, दोन जणी आल्याही होत्या.

पाळीची तारीख सहलीत येते म्हणून मुलगी ठेवून घेऊ नका. पॅड, कागद, जादा कपडे शिक्षिकांच्या पिशवीत असतात, आणि दर दोन-अडीच तासांनी गाडी स्वच्छ संडास असलेल्या ठिकाणीच थांबते. त्यासाठी मार्गावरचे पेट्रोल पंप आणि एसटी स्थानकं मी आधी नोंदवून ठेवते. गडावर चढायचं नसेल तर त्या मुलीने कारण सांगायची गरज नाही, तिच्यासोबत कुणीतरी खाली थांबतं.

मोबाईल देऊ का?

नको. शिक्षकांकडे आहेत, रोज संध्याकाळी पालकांच्या गटावर निरोप येतो.

डबा काय द्यावा?

पहिल्या दिवसाचा घरचा. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, लोणचं. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पातळ भाजी, दही, चिप्सची पाकिटं नकोत. एक गोष्ट मनापासून सांगते: डबा थोडा जास्त द्या. दुपारी गोल करून बसलो की सगळे डबे मधे येतात, आणि कुणाच्या डब्यात काय आहे, किती आहे, ते कुणाला कळत नाही.

अजिंठा-वेरूळ एकत्र करता येतं का?

दोन दिवसांत येतं, पण वार बघून. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे न बघता निघालेल्या आणि बंद फाटकावरून परतलेल्या सहली मी पाहिल्या आहेत. अजिंठ्याला फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. त्या बसच्या रांगेत जाणारा तासभर धरूनच वेळ आखा. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून जन्मतारखेसह यादी जवळ ठेवा.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी आम्ही चारच बघतो. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं, आधी वरच्या डोंगरावरून दाखवायचं आणि मग खाली न्यायचं. वरून उभं राहिलं की ते कळसाकडून पायाकडे खोदत आणलं आहे हे सांगावं लागत नाही. अजिंठ्यात फ्लॅश बंद, आणि आत शिरल्यावर पाच मिनिटं काही न बोलता उभं राहायचं. अंधाराला डोळे सरावले की चित्रं हळूहळू पुढे येतात.

विज्ञानासाठी कुठे न्यावं?

नारायणगावजवळ खोडदला. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सगळ्यांसाठी खुली असते आणि शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात. तिथे मोबाईल बंद का ठेवायचा, हे एकदा समजलं की आकाशातून येणारे ते संकेत किती क्षीण आहेत ते मुलांच्या लक्षात येतं.

लांब जायची तयारी असेल तर लोणार. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि आत खारं, अल्कधर्मी पाणी. वनखात्याला विचारून काठावर लाल लिटमस बुडवून बघा, लगेच निळा होतो. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं, मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आलं आणि दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. "मग खरं कुठलं?" हा प्रश्न मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना उत्तर देत नाही, दोन्ही पद्धती काय आहेत ते वाचायला सांगते. जवळच जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा आहे, तिथे मुक्काम करावा.

माझ्या मुलाला चालायला त्रास होतो. त्याला नेता का?

हो. ठिकाण ठरवण्याआधी त्याच्याशी बोलतो, नंतर नाही. रायगडावर रोप-वे आहे. ज्या वर्षी कुबड्या घेऊन चालणारा मुलगा वर्गात होता, त्या वर्षी त्याच्यासोबत रोप-वेने कोण जाणार यावरून वर्गात चढाओढ लागली. जिथे त्याला जाताच येणार नाही, ते ठिकाण आम्ही त्या वर्षी घेत नाही.

वॉटर पार्क ठेवा ना एक दिवस.

ते कुटुंबाने न्यावं. शाळेचे दोन दिवस फार मोलाचे आहेत.

परत आल्यावर मुलांना अहवाल लिहावाच लागतो का?

'आम्ही सकाळी सहा वाजता निघालो' असा अहवाल मी बंद केला. प्रत्येकाने एकच पान लिहायचं, एकाच वस्तूवर. पायरी, गव्हाण, लिटमसचा तुकडा, काहीही. चित्र काढलं तरी चालतं. ज्याला लिहिता येत नाही तो वर्गात उभं राहून सांगतो. आणि पालकांनी घरी "मजा आली का?" एवढंच विचारून थांबू नये. "तिथे काय ऐकू आलं?", "कोणाशी बोललास?" असं विचारून बघा, मुलं तासभर सांगत बसतात.

दहावीचं वर्ष आहे, दोन दिवस अभ्यास बुडेल.

बुडेल. तरी पाठवा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहल घेतो, पूर्वपरीक्षेला पुरेसा वेळ राहतो. यातली निम्मी मुलं पुढच्या वर्षी वेगवेगळ्या गावी जातील, काही शाळाच सोडतील. एकत्र प्रवास करायची ही त्यांची शेवटची वेळ आहे.

परत आल्यावर घ्यायला किती वाजता यायचं?

शेवटच्या थांब्यावरून निरोप येईल, त्यानंतर साधारण पाऊण तासाने शाळेच्या फाटकापाशी या. गाडीतून उतरताना नावं वाचली जातात, ती संपेपर्यंत मुलाला ओढून नेऊ नका. लांबच्या वस्तीवरच्या मुलांना आमचे दोन शिक्षक मोटारसायकलवर सोडून येतात. शेवटचं मूल घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी फाटकातच असते. येताना मुलासाठी स्वेटर किंवा चादर आणा, डिसेंबरात आपल्याकडे अंधार पडला की चांगलाच गारठा असतो, आणि गाडीत झोपलेली मुलं गरम अंगाने उतरतात.